पडशीत काय भरलं

आमच्या संगणक लॅबमध्ये दहा मशिनं आहेत, सगळी कुणाची तरी वापरून झालेली. सगळ्यांवर डेबियन लिनक्स. दाराजवळ खिळ्याला दोरीनं एक दोनशेपानी वही टांगली आहे. मशीन अडलं की आधी वहीत लिहायचं: तारीख, मशीनचा नंबर, स्क्रीनवर काय दिसतंय ते जसंच्या तसं. मग कीबोर्डला हात लावायचा. कमांड टाइप होते इंग्रजीत, पण वहीत आम्ही ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो. एक जण वाचतो, दुसरा टाइप करतो. वाचणारा अडखळला की टाइप करणारा चुकतो.

गेल्या पावसाळ्यापासून या वहीत एकच विषय पुन्हा पुन्हा येतोय: अपडेट चालू असताना बूट इमेज बनत नाही, किंवा अर्धवट बनते. त्याबद्दलची माझी टिपणं एका जागी उतरवून ठेवते.

•

आधी बूट इमेज म्हणजे काय ते.

मशीन चालू केलं की ग्रब हा छोटा प्रोग्राम कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, उचलून मेमरीत ठेवतो. कर्नलचं पहिलं काम डिस्क उघडणं. डिस्क उघडायला तिचा ड्रायव्हर लागतो आणि ड्रायव्हरची फाइल असते त्याच डिस्कवर. घराला कुलूप आणि किल्ली घरात, अशी अवस्था. म्हणून ग्रब कर्नलसोबत आणखी एक फाइल मेमरीत ठेवतो. तिच्यात लागतील तेवढे ड्रायव्हर, थोड्या स्क्रिप्टा आणि अडचणीत कामी येणारी मोजकी हत्यारं असतात. हिचं नाव इनिटरॅमएफएस. कर्नल हिच्यातून किल्ली काढतो, डिस्क उघडतो, आणि खरी सिस्टीम सुरू झाली की हिचं काम संपतं.

लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या पोरांना मी हिला ‘पडशी’ म्हणून सांगितलं. नामदेवांची नर्सी आमच्याच हिंगोली जिल्ह्यातली. वारीला जाणाऱ्यांच्या खांद्यावरची ही झोळी इथं कुणाला फोड करून सांगावी लागत नाही. पायी निघालेला माणूस घर उचलून नेत नाही. मुक्काम गाठेपर्यंत लागेल तेवढंच खांद्यावर घेतो. जास्त भरलं तर चालवत नाही, कमी भरलं तर वाटेत अडतं. इमेजच्या जवळजवळ सगळ्या चुका या दोन वाक्यांत बसतात.

•

पडशीचं बांधणं जुन्या पद्धतीचं आहे. सीपीआयओ नावाची गठ्ठा बांधायची रीत १९७० च्या दशकातल्या युनिक्समधली. कर्नलच्या २.६ आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २००३ पासून, लिनक्सची पडशी त्याच रीतीनं बांधतात. बांधणारे कारागीर मात्र वेगवेगळे. डेबियन-उबंटूत वर्षानुवर्षं अपडेट-इनिटरॅमएफएस, फेडोरात ड्रॅकट, आर्चमध्ये एमकेइनिटसीपीआयओ. नावं जीभ अडकवणारी आहेत, पण काम एकच: कर्नल बदलला की त्याची पडशी नव्यानं भरायची. अपडेटच्या शेवटच्या टप्प्यात हेच चाललेलं असतं आणि नेमक्या त्याच वेळी बघणारा कंटाळून उठून गेलेला असतो.

•

पोळ्याच्या आदल्या दिवशी. मशीन नंबर चार.

९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं. त्यावर जायच्या आधी सगळी मशिनं डेबियन १२ वर पूर्ण अपडेट करून घ्यायची होती. चार नंबरवर शेवटाला आलं: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.

“मॅडम, डिस्क तर अर्धी रिकामी हाय.”

डिस्क रिकामीच होती. भरला होता तो /बूट. ही मशिनं २०२० मध्ये डेबियन १० नं बसवलेली. तेव्हा एलव्हीएम (डिस्कचे भाग लवचीक ठेवायची पद्धत) निवडल्यामुळे /बूट हा वेगळा भाग पडला, २३६ एमबीचा. त्या काळी पुरेसा होता. मधल्या वर्षांत कर्नल वाढला, फर्मवेअर वाढलं, एकेक पडशी साठ एमबीच्या घरात गेली. तीन कर्नल साठले की जागा संपली. डेबियन १३ च्या सूचनांमध्येच लिहिलंय की /बूट किमान ७६८ एमबी असावा आणि त्यात ३०० एमबीच्या आसपास मोकळे असावेत. हे वाचून मग अपग्रेडला बसायला हवं होतं.

काय केलं: आधी ‘यूनेम डॅश आर’ टाकून सध्या चालू असलेला कर्नल कोणता ते पाहिलं आणि वहीत लिहिलं. त्याला धक्का लावायचा नाही. मग ‘एपीटी ऑटोरिमूव्ह डॅश डॅश पर्ज’नं जुने काढले. /बूटमधल्या फाइली हातानं पुसायच्या नाहीत. पॅकेजच्या हिशेबात त्या तशाच राहतात आणि पुढच्या अपडेटला गोंधळ होतो. जागा झाल्यावर ‘डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए’. अर्धवट राहिलेलं काम त्यानं पुरं केलं.

हे झाल्यावर मशीन बंद-चालू केलं. त्या आधी नाही.

•

वरच्या टिपणाला जोड. जागा नसताना जुनी पडशी मात्र शाबूत होती. कारण अपडेट-इनिटरॅमएफएस नवी पडशी आधी वेगळ्या नावानं, शेवटी ‘न्यू’ लावून, पूर्ण बांधतो आणि जमलं तरच जुनीच्या जागी ठेवतो. म्हणजे जुनी आणि नवी दोन्ही एकाच वेळी मावतील एवढी जागा लागते. जागेचा हिशेब करताना हे धरायचं.

पण कर्नलच नवा असेल तर त्याची जुनी पडशी नसतेच. मग ग्रबच्या यादीत नव्या कर्नलचं नाव येऊ शकतं आणि त्याच्यासोबत पडशी नसते. यादीत तोच पहिला. रिस्टार्ट केलं की मशीन रिकाम्या खांद्यानं निघतं.

•

दोन स्क्रीन, दोन अर्थ. हे पानभर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलंय.

पहिला: ‘कर्नल पॅनिक’ आणि खाली ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक’, कंसात शून्य, शून्य. बहुतेक वेळा अर्थ असा, की पडशी मिळालीच नाही. मशीन बंद करा, ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. आत गेल्यावर नव्याची पडशी बांधा.

दुसरा: ‘गेव्ह अप वेटिंग फॉर रूट फाइल सिस्टीम डिव्हाइस’, मग एक लांबलचक यूयूआयडी नंबर आणि त्यापुढं ‘डझ नॉट एक्झिस्ट’. शेवटी कंसात इनिटरॅमएफएस असं लिहून कर्सर थांबतो. अर्थ: पडशी आहे, उघडलीय, पण सांगितलेल्या पत्त्यावर घर सापडेना. इथं मशीन मेलेलं नाही. पडशीतलीच हत्यारं वापरायला देऊन ते तुमची वाट बघतंय. ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ टाकून कोणता पत्ता मागतोय ते वाचा. ‘बीएलकेआयडी’ टाकून कोणत्या डिस्का खरंच दिसतात ते बघा. डिस्क दिसते पण नंबर वेगळा असेल तर पत्ता चुकला. डिस्कच दिसत नसेल तर ड्रायव्हर नाही, किंवा केबल, किंवा डिस्क.

पोरं पहिल्यांदा दोन्ही स्क्रीनना ‘काळं झालंय’ एवढंच म्हणायची. आता म्हणतात, “मॅडम, शून्य-शून्य आलंय” किंवा “पत्ता सापडंना”. दुरुस्तीचं अर्धं काम या बोलण्यातच झालेलं असतं.

•

नववीतल्या मुलीनं घातलेला आणि तिनंच शोधलेला घोळ.

/बूट लहान असल्यामुळे पडशी हलकी करायची ठरवली. इनिटरॅमएफएसच्या कॉन्फ फाइलमध्ये ‘मॉड्यूल्स’ची किंमत ‘मोस्ट’ असते. म्हणजे बहुतेक कोणत्याही मशीनला लागतील ते सगळे ड्रायव्हर भरा. ती ‘डेप’ केली की फक्त या मशीनला लागणारेच भरतात. मुलीनं बदल केला. पडशी बांधायला घेतली तर ओळ आली: मॉड्यूल्स, नॉट फाउंड.

तिनं लिहिलं होतं सुंदर. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना नेमकी एकेक जागा सोडून, गणिताच्या वहीत शिकवलंय तसं. पण ती फाइल शेल वाचतो. शेलला मोकळी जागा दिसली की शब्द संपला. पुढचं सगळं वेगळं. त्याला वाटलं ‘मॉड्यूल्स’ नावाची कमांड चालवायचीय. ती कुठंच नव्हती.

स्क्रीनवर फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर दोन्ही छापून आले होते. तिनं नंबर वाचला, त्या ओळीवर गेली, बराच वेळ बघत बसली. मी सांगितलं नाही. तिनं वरच्या-खालच्या ओळी ताडून पाहिल्या आणि म्हणाली, “बाकीच्या चिकटून हायत.” जागा काढल्या, पडशी बांधली गेली.

शिकवणाऱ्यानं अशा वेळी गप्प बसणं फार गरजेचं आहे. मी एक मिनिट आधी बोलले असते तर ती ओळ माझी झाली असती.

•

‘डेप’चा दुसरा चेहरा. मशीन नंबर सात, सोमवार सकाळ.

शनिवारी धड होतं. सोमवारी ‘पत्ता सापडंना’. अपडेट केलं नव्हतं, काही बदललं नव्हतं. ‘बीएलकेआयडी’ टाकलं तर एकही डिस्क दिसेना. डिस्क गेली असं वाटून मन खट्टू झालं. मग पोरगा म्हणाला, “मॅडम, चालू करताना तारीख २०१० ची दाखवायली.”

त्यातच उत्तर होतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. सेल संपला की बायोस स्वतःच्या मूळ सेटिंगवर जातं. या बोर्डवर डिस्कशी बोलायची पद्धत मुळात आयडीई. आम्ही ती एएचसीआय करून मग लिनक्स बसवलेलं. पडशी ‘डेप’नं बांधलेली, म्हणजे तिच्यात फक्त एएचसीआयचा ड्रायव्हर. बायोस जुन्या पद्धतीवर गेलं आणि पडशीतली किल्ली त्या कुलपाला लागेना.

हिंगोलीहून सेल आणला, बायोसमध्ये पद्धत परत एएचसीआय केली, मशीन सुरळीत चालू. चालू झाल्यावर पहिलं काम: ‘मोस्ट’ परत केलं आणि पडशी नव्यानं बांधली.

शिकलो ते असं. हलकी पडशी ओळखीच्या वाटेसाठी. वाट बदलू शकत असेल, म्हणजे मशीन जुनं असेल, डिस्क काढून दुसऱ्यात लावायची वेळ येऊ शकत असेल, तर भरलेली पडशीच बरी. जागेचा प्रश्न जागा वाढवून सोडवावा. आमच्या डिस्का एन्क्रिप्ट केलेल्या नाहीत आणि ग्रबला एलव्हीएम वाचता येतं. म्हणून दोन मशिनांवर /बूट वेगळा ठेवायचाच बंद केला: त्यातलं सगळं मुख्य डिस्कवर कॉपी केलं, एफएसटॅबमधली ओळ काढली, ग्रब पुन्हा बसवला. त्या दोन मशिनांवर जागेची तक्रार परत आली नाही.

•

पेनड्राइव्हवरून वाचवणं. पायऱ्या क्रमानं:

१. लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करा.
२. ‘व्हीजीचेंज डॅश ए वाय’. एलव्हीएम जागं झाल्याशिवाय डिस्कवरचे भाग दिसत नाहीत.
३. मुख्य भाग /एमएनटीवर माउंट करा.
४. /बूट वेगळा असेल तर तो /एमएनटी/बूटवर माउंट करा.
५. डेव्ह, प्रॉक, सिस हे तिन्ही बाइंड करा.
६. ‘सीएचरूट /एमएनटी’.
७. ‘अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू डॅश के ऑल’, मग ‘अपडेट-ग्रब’.
८. बाहेर या, सगळं अनमाउंट करा, पेनड्राइव्ह काढा.

चौथ्या पायरीखाली लाल रेघ आहे. ती माझ्यामुळे. एकदा मी ती विसरले. मुख्य डिस्कवर ‘बूट’ नावाचा रिकामा फोल्डर असतोच. जे तयार झालं ते त्यात जाऊन बसलं आणि खऱ्या /बूटला हातच लागला नाही. रिस्टार्ट केलं, तीच चूक. पुन्हा सगळं केलं, पुन्हा तीच. दुपारचे तीन तास गेले. आता सातव्या पायरीआधी ‘एलएस /बूट’ टाकून आत कर्नल दिसतोय ना ते बघतो. रिकामं दिसलं तर थांबायचं.

•

छोटं टिपण. मशीन दोन चालू व्हायला अर्धं मिनिट जास्त घ्यायचं. चालू होतंय ना, म्हणून महिनाभर कुणी बघितलं नाही. पडशी बांधताना दरवेळी इशारा छापून येत होता: ‘रिझ्यूम’साठी ज्या स्वॅपचा नंबर दिलाय तो स्वॅप सापडत नाही. स्वॅप नव्यानं बनवला होता, नंबर बदलला, कॉन्फ फाइलमध्ये जुनाच राहिला. मशीन दरवेळी तो जुना भाग शोधत थांबायचं. ‘रिझ्यूम’ची किंमत ‘नन’ केली, पडशी बांधली, थांबणं गेलं.

इशारा म्हणजे चूक नव्हे, हे खरं. पण तो वाचायचा नाही असंही नव्हे. फर्मवेअर ‘कदाचित नाही’ अशा ओळी येतात, त्यातल्या पुष्कळ आपल्या मशीनमध्ये नसलेल्या हार्डवेअरबद्दल असतात. त्या वाचून सोडता येतात. सोडायचं की नाही हे वाचल्यावरच ठरतं.

•

रात्री साडेनऊला फोन. दोन वर्षांपूर्वी लॅबमधून बाहेर पडलेला मुलगा, आता पुण्यात शिकतोय. तिथं आर्च लिनक्स वापरतो.

“मॅडम, अपडेट झालं, पण शेवटाला लाल ओळ हाय. हुक सापडत नाही म्हणतंय. तरी इमेज बनली. रिस्टार्ट करू का?”

“खालची ओळ वाच.”

त्यानं वाचली. इमेज कदाचित अपुरी असेल, अशा अर्थाची ती ओळ होती.

“करू नकोस. मशीन चालू हाय तोवर तुझ्या हातात हाय.”

आर्चमध्ये आणखी एक धोका. तिथं कर्नल अपडेट झाला की नेहमीच्या बांधणीत जुना कर्नल ठेवत नाहीत. मागं फिरायला ग्रबमध्ये दुसरा नसतो. त्यानं एमकेइनिटसीपीआयओची कॉन्फ फाइल उघडली. हुक म्हणजे इमेजमध्ये काय भरायचं ते सांगणारी स्क्रिप्ट; त्या हुकांची यादी त्यानं कधीकाळी हातानं भरलेली. त्यातला एक हुक ज्या पॅकेजसोबत यायचा ते पॅकेज त्यानं मध्येच काढून टाकलं होतं. यादीत नाव राहिलं. नाव काढलं, इमेज पुन्हा बांधली, लाल ओळ गेली. शेजारी ‘पॅकन्यू’ शेपटीची फाइलही पडली होती; नवी आवृत्ती यादी कशी असावी म्हणते ते त्यात असतं. ती पण ताडून बघायला सांगितली. मग एलटीएस, म्हणजे जास्त काळ सांभाळला जाणारा, कर्नल सोबत बसवून घ्यायला लावला, म्हणजे पुढच्या वेळी दुसरी वाट असेल.

वीस मिनिटं लागली. रिस्टार्ट करून फोन केला असता तर त्याला पेनड्राइव्ह शोधत हॉस्टेलभर हिंडावं लागलं असतं.

•

लाइट. अपडेट चालू असताना लाइट जाणं ही इथली नेहमीची गोष्ट. पॅकेज अर्धं लावलेलं, पडशी अर्धी. परत चालू झाल्यावर घाईनं नवीन काही बसवू नये. आधी ‘डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए’, मग ‘एपीटी डॅश एफ इन्स्टॉल’, मग पडशी नव्यानं, आणि ‘एलएसइनिटरॅमएफएस’नं तिच्या आत डोकावून बघायचं. आत एएचसीआय आहे का हे ‘ग्रेप’नं एका ओळीत कळतं.

आता इन्व्हर्टरच्या लाइनवर एका वेळी दोनच मशिनं घेतो. दहा मशिनांना पाच दुपारी लागतात. लागू देत.

•

भाषेबद्दल मनात बरेच दिवस आहे ते.

डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो. डेस्कटॉपवर मराठी येतं. मुंबईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतून लिनक्स शिकवतात, पोरं ते बघतात. पण मशीन जिथं अडतं, त्या काळ्या स्क्रीनवर, मराठी येऊ शकत नाही. तिथं अजून फाँट आलेले नसतात, आणि देवनागरीची जोडाक्षरं मांडायची सोय त्या साध्या कन्सोलला नाही. सगळ्यात जास्त घाबरायच्या वेळी मशीन परक्या भाषेत बोलतं.

म्हणून ती वही. ती मॅन्युअलचा अनुवाद नाही. मशीन जे म्हणालं ते आपल्या बोलीत लिहून ठेवलेलं असलं की पुढच्या पोराला ते आधी कुणीतरी ऐकलेलं असतं. ‘पत्ता सापडंना’ हे मी शिकवलेलं नाही, पोरांचंच आहे. माझ्या मते त्या इंग्रजी ओळीचं ते सगळ्यात नेमकं मराठी आहे.

•

एक पालक विचारत होते, याचा उपयोग काय. त्यांना दोन गोष्टी सांगितल्या.

ई-कोर्ट प्रकल्पात तालुका न्यायालयांपर्यंत उबंटू लिनक्स पोचलंय. आपल्या जमिनीच्या दाव्याची पुढची तारीख ज्या संगणकावर दिसते, त्यालाही अशीच पडशी लागते.

दुसरं, लायगो-इंडिया. ६ एप्रिल २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. आपल्या औंढ्याजवळ चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायचीय. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. तिथं आरसे जागेवर धरून ठेवणारी नियंत्रण यंत्रणा लिनक्सवर चालते. आपल्या तालुक्यात तसं यंत्र येणार असेल, तर त्याच्या संगणकांना अपडेट करणारी माणसंही लागतील. ती बाहेरूनच यावीत असं कुठं लिहिलेलं नाही.

पालक काही बोलले नाहीत. वही मागून घेतली आणि उभ्यानंच चार-पाच पानं वाचली.

•

मशीन नऊ ३२ बिटचं. डेबियन १३ मध्ये त्याच्यासाठी कर्नल नाही, इन्स्टॉलर नाही. ते डेबियन १२ वरच राहणार. त्यावर चिठ्ठी चिकटवलीय: याला पुढं न्यायचं नाही. पडशी बांधायचा सराव सगळ्यात आधी याच्यावरच होतो. मुद्दाम मोडायचं आणि नीट करायचं.

•

काल शनिवार. शेवटची दोन मशिनं डेबियन १३ वर नेली. मी ऑफिसात होते. परत आले तर आठ नंबर चालू, दहा नंबरचा स्क्रीन तसाच थांबलेला, कुणी रिस्टार्ट केलेलं नाही. दोघं जण वही मांडीवर घेऊन स्क्रीनवरून ओळी उतरवत होते. इशारा होता, चूक नव्हती. तरी त्यांनी तीन ओळी पूर्ण लिहिल्या, खाली अर्थ लिहिला, आणि त्याखाली नववीतल्या त्या मुलीच्या नीटस अक्षरात: ‘वाचलं. नवी पडशी हाय. आत एएचसीआय हाय. जुना कर्नल हाय. आता रिस्टार्ट.’